विधिलिखित आणि मतांची मोजणी

२० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर केलेल्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी एक जुना शब्दप्रयोग पुन्हा उच्चारला. अमेरिकेची ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ आता ताऱ्यांपर्यंत जाईल आणि मंगळावर अमेरिकेचा ध्वज रोवला जाईल, असे ते म्हणाले. त्याच भाषणात पनामा कालवा परत घेण्याची भाषा होती, आणि ग्रीनलंडवर आपला डोळा आहे हे त्यांनी त्यापूर्वीच जगजाहीर केले होते. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सरकारच्या गृहसुरक्षा खात्याने जॉन गास्ट या चित्रकाराचे १८७२ मधील ‘अमेरिकन प्रोग्रेस’ हे चित्र राष्ट्रीय वारसा म्हणून अभिमानाने प्रसृत केले. त्या चित्रात एक शुभ्रवस्त्रा देवी आकाशातून पश्चिमेकडे निघाली आहे. तिच्या एका हाती शाळेचे पुस्तक आहे आणि तारायंत्राची तार ती वाटेने अंथरीत चालली आहे. तिच्या मागे आगगाड्या, नांगर आणि उजेड आहे. पुढे, अंधाऱ्या कोपऱ्यात, रानरेडे आणि मूलनिवासी माणसे जीव घेऊन पळत आहेत.

हे चित्र प्रसृत करणाऱ्यांना त्यातील देवी दिसली. पळणारी माणसे का पळत आहेत आणि त्यांना कोणी पळविले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो प्रश्न पडू नये हेच त्या श्रद्धेचे प्रयोजन होते. म्हणून तिचा इतिहास एकदा नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ म्हणजे उघड दिसणारे विधिलिखित. १८४५ च्या जुलै-ऑगस्टच्या ‘डेमोक्रॅटिक रिव्ह्यू’ या मासिकात टेक्सस संयुक्त संस्थानांत सामील करून घेण्याचे समर्थन करणारा एक निनावी लेख प्रसिद्ध झाला. तो संपादक जॉन ओ’सलिव्हन यांचा मानला जातो. हे संपूर्ण खंड आमच्या वाढत्या लोकसंख्येसाठी ईश्वरानेच नेमून दिले आहे आणि ते व्यापणे हे आमचे उघड विधिलिखित आहे, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑरेगॉनविषयी ब्रिटनशी वाद चालू असताना त्यांनी हाच मुद्दा आणखी पुढे नेला. शोध, वसाहत, करार यांवर आधारलेले हक्क बाजूला ठेवा, या सर्वांहून श्रेष्ठ असा नियतीचा हक्क आमच्याजवळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळी जे लिहून जाते ते कोणाला वाचता येत नाही, अशी समजूत आहे. ते वाचता येत नाही म्हणूनच माणूस त्याच्यापुढे नम्र राहतो. ओ’सलिव्हन यांचे विधिलिखित मात्र असे गूढ नव्हते. ते एका राजकीय पक्षाच्या नियतकालिकात छापून आले होते. ते वाचणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि त्याचे फळ चाखणारे एकच होते. ही विसंगती त्या काळीही लक्षात आली होती. जानेवारी १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहात रॉबर्ट विन्थ्रॉप यांनी या ‘नव्या हक्का’ची यथेच्छ खिल्ली उडविली आणि असा हक्क यांकी राष्ट्राखेरीज दुसऱ्या कोणाला मान्य केला जाईल असे दिसत नाही, असा टोला लगावला.

ही श्रद्धा शून्यातून उपजली नव्हती. पंधराव्या शतकातील पोपच्या फर्मानांनी ख्रिस्ती राजांना ख्रिस्तेतर प्रजांच्या भूमीवर हक्क बहाल केला होता. १४५५ च्या फर्मानाने पोर्तुगालला आणि १४९३ च्या फर्मानाने स्पेनला हा परवाना मिळाला. त्याच शिदोरीवर पूर्वेकडे निघालेल्या पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकून घेतला. पश्चिमेकडे हा ‘शोधकाचा हक्क’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्वीकारला. मूलनिवासींना भूमीवर राहण्याचा अधिकार आहे, परंतु तिचे अंतिम स्वामित्व शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे आणि तिच्या वारसाकडे जाते, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८२३ मध्ये दिला. रोमच्या धर्मपीठाने हा सिद्धांत ३० मार्च २०२३ रोजी नाकारला. त्यावर उभी राहिलेली मालकीपत्रे मात्र जागच्या जागीच आहेत.

या श्रद्धेचा एक मोठा आधार संस्कृतीचा होता. भूमी ज्यांना कसता येत नाही, ज्यांच्याजवळ कायदा नाही, लिपी नाही, त्यांनी ती सुसंस्कृतांसाठी मोकळी करावी, असा हा युक्तिवाद. त्याची कसोटी चेरोकी लोकांच्या बाबतीत लागली. सेक्वोया या त्यांच्यातीलच माणसाने १८२१ पर्यंत चेरोकी भाषेची स्वतंत्र लिपी सिद्ध केली. १८२७ मध्ये या लोकांनी लिखित राज्यघटना स्वीकारली. १८२८ मध्ये, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघण्याच्या चार वर्षे आधी, त्यांचे ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र सुरू झाले. ते शेती करीत, शाळा चालवीत, न्यायालयात दाद मागत. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या प्रदेशात लागू होत नाहीत, असा निवाडाही त्यांच्या बाजूने दिला. सुसंस्कृतपणाच्या ज्या ज्या परीक्षा घालून दिल्या होत्या, त्या ते उत्तीर्ण झाले. तरीही त्यांना देशोधडीला लावण्यात आले, कारण कापसाची जमीन हवी होती आणि जॉर्जियाच्या डोंगरांत सोने सापडले होते.

आता नियतीने हे कार्य कसे पार पाडले ते पाहा. मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा १८३० चा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. पाच मतांचा फरक! १८३५ मध्ये चेरोकींच्या एका अल्पसंख्य गटाशी स्थलांतराचा करार करण्यात आला. प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांनिशी त्याचा निषेध केला. तरी सिनेटने तो मान्य केला. त्यासाठी लागणाऱ्या दोन-तृतीयांश मतांपेक्षा अवघे एक मत अधिक पडले होते. १८३८-३९ मध्ये लष्कराच्या पहाऱ्याखाली सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या अंदाजानुसार त्यांतील सुमारे चार हजार जण छावण्यांत, वाटेत आणि पोहोचल्यावर मृत्युमुखी पडले.

टेक्ससचीही कथा हीच. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. टेक्ससमधील अमेरिकन वसाहतवाल्यांनी १८३६ मध्ये फुटून जे प्रजासत्ताक स्थापन केले, त्याच्या घटनेने ती पुन्हा प्रस्थापित केली. या टेक्ससच्या सामीलीकरणाचा करार सिनेटने जून १८४४ मध्ये ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. करारासाठी दोन-तृतीयांश मते मिळत नाहीत असे दिसताच साध्या बहुमताने संमत होणाऱ्या संयुक्त ठरावाची युक्ती काढण्यात आली. फेब्रुवारी १८४५ मध्ये हा ठराव सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी निसटता संमत झाला. ज्याला ईश्वराचा संकेत म्हणून गौरविले गेले, त्याला विधिमंडळात एकेका मतासाठी दारोदार हिंडावे लागत होते.

त्यानंतर युद्ध आले. अध्यक्ष जेम्स पोक यांनी वादग्रस्त प्रदेशात सैन्य धाडले. एप्रिल १८४६ मध्ये तेथे चकमक झडली आणि अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडले, असा पुकारा त्यांनी केला. युद्धाचा ठराव सैन्याला रसद आणि मनुष्यबळ पुरविण्याच्या विधेयकाला जोडण्यात आला. सैनिक संकटात असताना रसद नाकारणारा देशद्रोही ठरेल, या भीतीने विरोधकांचे धैर्य गळाले. प्रतिनिधिगृहात विरोधात अवघी १४ मते पडली. त्यांत वृद्ध माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांचे एक होते. रक्त सांडले ती नेमकी जागा कोणती, ती दाखवा, अशी मागणी करणारे ठराव नवखे प्रतिनिधी अब्राहम लिंकन यांनी डिसेंबर १८४७ मध्ये मांडले. पुढल्याच महिन्यात हे युद्ध अनावश्यक असून अध्यक्षांनी घटनाबाह्य रीतीने सुरू केले, असे म्हणणारी दुरुस्ती ८५ विरुद्ध ८१ मतांनी संमत झाली. सत्य सभागृहाच्या दप्तरी नोंदले गेले, पण तोवर अमेरिकन सैन्य मेक्सिको शहरात जाऊन बसले होते.

‘तो काळच तसा होता’ ही सबब येथे टिकत नाही. त्याच काळात हेन्री डेव्हिड थोरो यांनी गुलामगिरी पोसणाऱ्या आणि असे युद्ध करणाऱ्या सरकारला कर नाकारून जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यातून १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेला कायदेभंगावरील निबंध जन्मला. १९०७ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा परिचय करून दिला. भारतातील सत्याग्रहाचा एक धागा असा या विधिलिखिताला दिलेल्या नकाराशी जाऊन मिळतो. त्याच युद्धात प्रामुख्याने आयरिश स्थलांतरितांची एक तुकडी अमेरिकन सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढली. सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांतील सुमारे पन्नास जणांना फाशी देण्यात आले. आणि या युद्धात अधिकारी म्हणून लढलेल्या, पुढे अध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँट यांनी, बलवान राष्ट्राने दुर्बलावर लादलेले हे एक अत्यंत अन्याय्य युद्ध होते, असा निर्वाळा आपल्या आठवणींत दिला आहे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गो येथे तह झाला. दीड कोटी डॉलरच्या मोबदल्यात मेक्सिकोने पाच लाखांहून अधिक चौरस मैलांचा प्रदेश सोडून दिला. कॅलिफोर्निया त्यातच होता, आणि तहापूर्वी नऊच दिवस आधी तेथे सोने सापडले होते. जुन्या मेक्सिकन रहिवाशांची मालमत्ता सुरक्षित राहील असे तहात म्हटले होते. परंतु जमिनीच्या सनदांना संरक्षण देणारे कलम सिनेटने गाळून टाकले. पुढे १८५१ च्या कायद्याने आपली मालकी सिद्ध करण्याचा बोजा सनदधारकांवरच टाकला. वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांत ज्यांचा दावा खरा ठरला, त्यांच्यातही अनेकांची जमीन वकिलांच्या आणि सावकारांच्या घशात गेली. मूलनिवासींचे भोग याहून भयानक होते. १८४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यांची संख्या सुमारे दीड लाख होती. १८७० पर्यंत ती सुमारे तीस हजारांवर आली. त्यांच्याशी केलेले अठरा करार सिनेटने १८५२ मध्ये नामंजूर केले आणि ते कागद १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. मूलनिवासी नष्ट होईपर्यंत संहाराचे युद्ध चालूच राहील, असे राज्याचे गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी १८५१ मध्ये विधिमंडळाला उघडपणे सांगितले. येथेही सर्व दोष पुन्हा अटळतेच्या माथी!

समाजवादी दृष्टीने पाहणाऱ्याने येथे आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. ही भूमी अखेर कोणाला मिळाली? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे कसणाऱ्यांना देऊ केले. कालांतराने सुमारे सोळा लाख कुटुंबांना मिळून सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली. आयर्लंड, जर्मनी, नॉर्वे येथून भुकेने आणि जमीनदारीने हाकलून दिलेली ही माणसे स्वतःला लुटारू समजत नव्हती, आणि त्यांच्या कष्टांची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास मूठभर रेल्वे कंपन्यांना संघराज्याने जवळजवळ तेरा कोटी एकर जमीन बहाल केली. ज्या चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून पश्चिमेकडील रूळ टाकले, त्यांच्या देशबांधव मजुरांना १८८२ च्या कायद्याने देशाचे दारच बंद केले. पूर्वेकडील शहरांत वेतनासाठी आणि कामाच्या तासांसाठी झगडणाऱ्या कामगाराला ‘पश्चिमेकडे जा’ हे उत्तर दिले जात होते. मालकाकडून जे मिळवायचे ते मूलनिवासीकडून हिसकावून घे, असा त्या उत्तराचा अर्थ होता. वर्गाचा प्रश्न नकाशावर ढकलून देण्याची ही रीत होती, आणि या श्रद्धेला गरिबांच्या झोपडीतही आश्रय मिळाला तो यामुळेच.

जमीन संपत आली तेव्हा नजर राखीव प्रदेशांकडे वळली. सिनेटर हेन्री डॉज यांनी १८८५ मध्ये चेरोकींच्या नव्या प्रदेशाचे वर्णन करताना सांगितले की तेथे कोणी भिकारी नाही, प्रत्येक कुटुंबाला घर आहे आणि राष्ट्रावर एका डॉलरचेही कर्ज नाही. मग उणीव कोणती? जमीन सामाईक असल्यामुळे शेजाऱ्याहून अधिक मिळविण्याची स्वार्थबुद्धी तेथे नाही, आणि ती तर संस्कृतीचा पाया आहे! डॉज यांच्याच नावाच्या १८८७ च्या कायद्याने सामाईक भूमीचे खाजगी तुकडे पाडण्यास आरंभ झाला; चेरोकींसारखी ओक्लाहोमातील जी राष्ट्रे त्यातून वगळली होती, त्यांच्यावर हीच पाळी पुढच्या दशकात आली. १८८७ मध्ये मूलनिवासींजवळ सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे धोरण थांबले तेव्हा सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. त्या काळात तोफा जवळजवळ थंडावल्या होत्या. हे काम मोजणीदाराने, लिलावाने आणि करवसुलीने केले.

परंतु आरशात पाहण्याचे धैर्यही आपल्या परंपरेने दाखविले पाहिजे. १८४९ मध्ये फ्रीड्रिख एंगल्स यांनी मेक्सिकोच्या पराभवाविषयी लिहिताना, ज्यांना कॅलिफोर्नियाचे काही करता आले नाही त्या आळशी मेक्सिकनांकडून तो उद्यमी यांकींनी घेतला यात दुःख मानण्यासारखे काय आहे, असा सवाल केला होता. त्यात ईश्वराचे नाव नव्हते, उत्पादनाच्या प्रगतीचे होते. पण पराभूत माणसाला दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात: तुझे जाणे हे ठरलेलेच होते. ‘इतिहासाची अपरिहार्य दिशा’ हा शब्दप्रयोग डाव्या चळवळीच्या तोंडी सहज येतो. त्या दिशेचा मार्ग जेव्हा कोणाच्या तरी घरावरून जातो, तेव्हा त्या घरातील माणसाला विचारले होते काय, हा प्रश्न गळून पडता कामा नये.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या उदार भावनेबद्दल, अर्पण केला. गास्टच्या चित्राला तेव्हा एकच वर्ष झाले होते. फुल्यांनी ज्यांना वंदन केले ती अमेरिका आणि त्या चित्रातील अमेरिका एकाच देशात एकमेकींशी झुंजत होत्या. त्याच ग्रंथात फुल्यांनी आक्रमणाची कथा जेत्यांच्या पोथीतून न वाचता बळीराजाच्या बाजूने वाचून दाखविली. ही त्यांची वाचनपद्धती गास्टच्या चित्राला लावली, तर वाचनाचा प्रारंभ देवीपासून न होता त्या अंधाऱ्या कोपऱ्यापासून होतो.

त्या कोपऱ्यातील माणसे संपली नाहीत, हे विधिलिखिताचे सर्वांत मोठे अपयश आहे. १८६८ च्या कराराने लाकोटा व अन्य सू लोकांना दिलेले ब्लॅक हिल्स डोंगर, १८७४ मध्ये तेथे सोने सापडल्यावर, १८७७ च्या कायद्याने काढून घेण्यात आले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलरची भरपाई कायम केली. सू लोकांनी ती स्वीकारली नाही. आम्ही डोंगर विकलेलेच नाहीत, तेव्हा किंमत कसली घ्यायची, अशी त्यांची भूमिका आहे. न घेतलेली ती रक्कम वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. दारिद्र्यात दिवस काढूनही त्यांनी तिला हात लावला नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमातील मस्कोगी राष्ट्राचा राखीव प्रदेश कायद्याने कधीच रद्द झालेला नाही, म्हणून करारातील वचन आजही बांधील आहे, असा निर्णय दिला. तो पाच विरुद्ध चार मतांनी झाला. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनीच त्या निर्णयाचा परिणाम अंशतः संकुचित केला. दोन्ही वेळा एका मताने तराजू झुकला. १८३० आणि १८४५ मध्येही तो असाच मोजक्या मतांनी झुकला होता.

जे अटळ असते त्याला मतदान लागत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तारातील बहुतेक निर्णायक पावलांना मतदान लागले, आणि अनेकदा पारडे कोठेही झुकू शकले असते. ज्यांनी पाच मते कमी पडली म्हणून हात टेकले, ज्यांनी रसदीच्या विधेयकापुढे मान तुकवली, त्यांच्या पराभवातून नियतीचा डोलारा मागाहून रचला गेला. ग्रीनलंडच्या, पनामाच्या वा आणखी कोणत्या भूमीच्या संदर्भात हा शब्द आज पुन्हा कानी येतो, तेव्हा त्यातील तत्त्वज्ञानाशी वाद घालीत बसण्यापूर्वी कार्यकर्त्याने तीन साध्या गोष्टी विचाराव्यात: ठराव कोणी मांडला, जमिनीचे कागद कोणाच्या नावे होणार आहेत, आणि विरोधात किती मते पडली. विरोधाची मते थोडी असतील, तर ती वाढविणे हे आपले काम आहे.